मे फ्लॉवर : सोलापूरच्या घरबागेतील लागवड व नोंद

जमिनीत कांद्याच्या रूपात राहून वर्षातून एकदाच फुलणारी शोभेची वनस्पती. शास्त्रीय नाव स्कॅडॉक्सस मल्टिफ्लोरस, कुल ॲमारिलिडेसी. म्हणजे नागदवणाची ही भाऊबंद. जुन्या पुस्तकांत ती हीमँथस या नावाखाली सापडते. त्या ग्रीक नावाचा अर्थ रक्तपुष्प. मूळची आफ्रिकेतील. 'फुटबॉल लिली' असेही तिला म्हणतात, पण वाड्यांतून आणि सोसायट्यांतून 'मे फ्लॉवर' हेच नाव तोंडी बसले आहे.

एका दांड्यावर दीडशे-दोनशेपर्यंत बारीक फुले येतात. प्रत्येकाला सहा अरुंद पाकळ्या आणि त्यांच्याही पुढे आलेले सहा केसर. लांबून तो लाल चेंडू दिसतो. जवळ गेल्यावर केसरांच्या टोकांवरचे पिवळे परागकोश दिसतात आणि दांड्याच्या बुडाशी जांभळट ठिपके. एका कांद्याला वर्षाला सहसा एकच दांडा येतो, आणि बहर आठवडा-दहा दिवसांत उतरतो.

थंड प्रदेशांतील बागांत वर्षभर वाट पाहायला लावणारे फूल म्हणजे पिओनी. तिला फुलण्यासाठी हिवाळ्यात कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लागते. सोलापुरात डिसेंबर-जानेवारीतही रात्रीचे तापमान बहुधा १५ अंशांच्या आसपास राहते, त्यामुळे पिओनीचे महागडे कंद मागवून येथे लावणे म्हणजे पैसे आणि उमेद दोन्ही मातीत घालणे होय. मे फ्लॉवरला उलट कोरडी विश्रांती हवी, आणि ती या अवर्षणप्रवण जिल्ह्यात आपसूक मिळते.

अडचण येते ती काळ्या मातीची. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात चिकटून पाणी धरते आणि कांदा सडतो. म्हणून एक भाग माती, एक भाग बारीक मुरूम किंवा जाड वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. कांद्याची मान मातीच्या पातळीला राहावी. खोल पुरलेला कांदा पाने देतो, फूल देत नाही. दुपारच्या उन्हात पाने करपतात, तेव्हा पूर्वेची बाजू किंवा कडुनिंबाची सावली उत्तम. दिवाळीनंतर पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडावे. जानेवारीत संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत कुंडी कोरडी ठणठणीत झालेली असते. नळाला रोज पाणी न येणाऱ्या या शहरात हे झाड सोयीचे पडते ते यामुळेच.

नोंद ठेवण्याची गरजही याच महिन्यांत भासते. चार-पाच महिने कुंडीवर काहीच दिसत नाही. घरातले कुणीतरी ती रिकामी समजून त्यात मिरची लावते, रोज पाणी घालते आणि मे महिन्यात फूल का आले नाही याचे कोडे पडते. साधा उपाय म्हणजे पाटी. स्केचपेनची शाई सोलापूरच्या उन्हात काही महिन्यांत उडते. प्लास्टिकच्या पट्टीवर शिसपेन्सिलीने लिहिलेले टिकते, आणि शीतपेयाचा डबा कापून केलेल्या पत्र्याच्या पट्टीवर बॉलपेन दाबून कोरलेले त्याहूनही जास्त.

पाटीवर कांदा कधी लावला ते, आणि बाकीचे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत. दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख जिथे लिहिली जाते, त्याच चौकोनात पहिला वळीव कधी पडला, कोंब कधी वर आला, पहिले फूल कधी उमलले आणि गोंडा किती दिवस टिकला हे लिहावे. पावसाळ्यात पाने मोजून आकडा टाकावा. पानांनी केलेले अन्न कांद्यात साठते, त्यामुळे यंदाची पाने अपुरी राहिली तर पुढचा मे सुना जाण्याची शक्यता वाढते. वर्ष सरले की दिनदर्शिका रद्दीत जाते; त्याआधी या नोंदी वहीत उतरवून घ्याव्यात. जपानमधील क्योटो येथे चेरीच्या बहराच्या नोंदी इ. स. ८१२ पासूनच्या मिळतात, आणि त्यांवरून हवामानाचा अभ्यास होतो. घरच्या वहीतल्या पाच-सात वर्षांवरून निदान आपल्या अंगणात वळीव आणि कोंब यांचे नाते काय, ते कळते.

पानांवर काळ्या अंगाच्या, पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांच्या अळ्या दिसल्यास हाताने वेचून काढाव्यात; एका रात्रीत त्या पान फस्त करतात. कांदा विषारी असल्याने मुले आणि जनावरे यांच्यापासून तो दूर ठेवावा.

तीन-चार वर्षांत कुंडीत कांद्यांची दाटी होते. फेब्रुवारीत, झाड झोपेत असताना, पिल्ले सुटी करून शेजारीपाजारी देता येतात. देताना कुणाकडचा कांदा, कोणत्या साली काढला, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे, आणि नव्या जागी पहिल्या मे महिन्यात फूल न आल्यास उकरून पाहू नये, हेही सांगावे.