प्लायची शीट एकट्यानं नेताय? आधी मधली रेघ बघा

(अंबड, परतूर, मंठा, भोकरदन, घनसावंगीहून येणारे मिस्त्री, फर्निचरवाले आणि घरचं काम स्वतः करणारे आमचे ग्राहक यांच्यासाठी)

आठवड्यातून दोन-तीनदा काउंटरवर हीच तक्रार येते. "शेठ, काल नेलेल्या १८ एमएमचा कोपरा चेपलाय, बदलून द्या." विचारल्यावर कळतं की हेल्पर आला नव्हता आणि काम थांबवणं परवडत नव्हतं, म्हणून मिस्त्रींनी छोटा हत्ती टेम्पोतून शीट एकट्यानंच उतरवली. एक टोक उचललं आणि दुसरं जमिनीवर घासत आत नेलं. जमिनीवर घासतो तो कोपराच. उंबरा किंवा पायरी आली की भार त्या बोटभर जागेवर येतो आणि आतले थर फुटतात. त्या वेळी ते दिसत नाही. काठ झाकायची पट्टी मारायला घेतल्यावर कोपरा पिसासारखा उकलतो. मग इंचभर कापून काढायचं ठरतं, आठ फुटांची शीट सात फूट अकरा इंचांची होते आणि कपाटाचं सगळं माप चुकतं. एवढं टाळायला दहा सेकंदांची सवय पुरते, म्हणून हे लिहिलं आहे.

आधी वजनाचा हिशेब. आठ बाय चार फुटांची १८ एमएम जाडीची, म्हणजे मिस्त्री ज्याला सहा सूत म्हणतात ती शीट साधारण ३२ ते ३८ किलोची असते. लाकूड जड असेल तर वजन वरच्या आकड्याकडे जातं. १२ एमएम वीस-पंचवीस किलोची. एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) १८ एमएम चाळीसच्या पुढे जाते आणि एचडीएचएमआर (त्याहून दाट, ओल सोसणारा बोर्ड) पंचेचाळीसच्या आसपास. पस्तीस किलो एकट्याला उचलता येतात, सिमेंटची ५० किलोची गोणी पाठीवर नेणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. पण गोणी अंगाला बिलगते. शीटला कवेत घेता येत नाही, त्यामुळे तुमचा त्रास वजनापेक्षा पकडीचा असतो.

म्हणून १२ एमएम आणि त्यावरच्या प्रत्येक शीटच्या दोन्ही लांब काठांवर आम्ही बरोबर चार फुटांवर पेन्सिलची रेघ मारून देतो. बरेच जण ती कटिंगची खूण समजून पुसून टाकतात. कृपया पुसू नका. तीच उचलायची जागा आहे. नुसत्या नजरेनं मध्य धरला की सहा इंचांचा फरक सहज पडतो. पस्तीस किलोच्या शीटला सहा इंच चूक म्हणजे टोकाशी चार-साडेचार किलोचं वजन लटकवल्यासारखं होतं. चालताना ते टोक खाली झुकतं, तुम्ही मनगटानं सावरता, मनगट थकतं आणि पुढचा कोपरा फरशीवर आपटतो. साधन कितीही महाग आणलं तरी ते मध्यावर लावलं नाही तर कोपरा फुटणारच.

साधनांत आमची पसंती खालून लावायच्या आकड्याला. उभी मूठ आणि तळाला वळवलेला आकडा. शीट लांब काठावर उभी करायची, रेघेखाली आकडा सरकवायचा, मूठ धरून सरळ उभं राहायचं. शीट आपोआप खांद्याकडे कलते, दुसरा हात वरच्या काठावर थोडा पुढे ठेवून तोल सांभाळायचा. कमरेत वाकायची गरज पडत नाही.

हा आकडा जालन्यात कुणीही वेल्डर करून देईल, सळईच्या गावात लोखंडाला तोटा नाही. पण दोन गोष्टी त्याला बजावून सांगा. तळाला गोल सळई वापरायची नाही, दोन इंच रुंद लोखंडी पट्टी लावायची. सळई काठात रुतते आणि पट्टी मारण्याआधीच काठावर खाच पडते. दुसरी गोष्ट मापाची. ताठ उभं राहून हात मोकळा सोडा, मुठीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा आणि त्यातून पाच इंच वजा करा. तेवढं अंतर पट्टीपासून मुठीपर्यंत हवं, बहुतेकांचं ते २३ ते २५ इंच येतं. दुसऱ्याच्या मापाचा आकडा आणला की एक तर शीट जमिनीला घासते, नाहीतर कोपर वाकवून चालावं लागतं आणि पन्नास पावलांत दंड भरून येतो. आमच्याकडच्या तयार आकड्याची मूठ वरखाली करता येते. तुमच्या उंचीला बसवून आम्ही तो दुकानातच एका शीटवर लावून दाखवतो.

पैसे खर्च करायचे नसतील तर दोरी पुरते. बैलाचा जुना कासराही चालेल, फक्त कुजलेला नको. गुळगुळीत नायलॉन हातातून सरकतो, सुती बरी. गाठ मारल्यावर पूर्ण फेरा १७ फुटांचा ठेवा. तो खालच्या दोन्ही कोपऱ्यांत अडकवा, एक पदर शीटच्या पलीकडे काठालगत राहू द्या आणि अलीकडचा पदर मधोमध धरून उचला. पलीकडे आठ फूट जातात, अलीकडे साडेचार-साडेचार उरतात, म्हणून मूठ खालच्या काठापासून दोन फुटांवर येते. उंची कमी असेल तर गाठ दोन-चार इंच आवळून घ्या. दोरी कोपऱ्यात बसते, तिथे जुन्या पायमोज्याचा किंवा पोत्याचा तुकडा घाला.

वरच्या काठाला चिमट्यासारखी आवळणारी पकड बरेच जण व्हिडिओत बघून मागायला येतात. चीज चांगली आहे, शीटच्या वजनानंच ती घट्ट होते. पण शीट चार फूट उंच आणि पकड तिच्याही वर, म्हणजे हात खांद्याच्या रेषेत येतो. सहा फुटी माणसाला ती सोयीची, साडेपाच फुटांच्या माणसाला जिना चढताना जड जाते. काठावर भुसा किंवा तेल असेल, किंवा बोर्ड प्री-लॅमिनेटेड (आधीच लॅमिनेट चिकटवलेला) गुळगुळीत असेल, तर ती घसरू शकते. म्हणून आम्ही ती ठेवतो, पण समोर उभं करून उंची बघितल्याशिवाय देत नाही.

काचवाल्यांचे रबरी सक्शन कप कोऱ्या प्लायला लावू नका. प्लायच्या छिद्रांतून हवा आत जाते आणि कप सुटतो. काच आणि गुळगुळीत लॅमिनेट, एवढीच त्यांची जागा.

दोन चाकांची ट्रॉली फरशीवर उत्तम, मोठ्या शोरूमचं काम असेल तर तीच न्या. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत चाकं भरून ती जागेवर थांबते, हे लक्षात ठेवा.

जिन्यावर आकडा रेघेपासून दोन-तीन बोटं पुढे लावा, तुम्ही जाता त्या बाजूला. मग पुढचं टोक किंचित वर राहतं आणि पायरीला अडत नाही. उतरताना परत रेघेवर आणा. जुन्या वाड्यांतल्या वळणाच्या अरुंद जिन्यात आठ फुटी शीट उचलण्याआधी टेपनं वळण मोजा. वरच्या मजल्यावर अर्ध्यात अडकलेली शीट मागे घेताना दोन्ही टोकांचे कोपरे जातात.

एप्रिल-मेच्या दुपारी वाऱ्याची भीती असते. शीट म्हणजे बत्तीस चौरस फुटांचं शीड. ताशी तीस किलोमीटरचा वारा सपाट अंगावर आला तर चौदा-पंधरा किलोचा जोर बसतो. शीटचा काठ वाऱ्याकडे ठेवून चाला. वावटळ दिसली तर शीट भिंतीला टेकवून थांबा, धावू नका.

आता बदलून देण्याबद्दल. गेटबाहेर गेल्यावर कोपरा चेपलेली शीट आम्ही परत घेत नाही, याचा काही जणांना राग येतो. माल गाडीत चढवण्याआधी आम्ही चारही कोपरे तुम्हाला दाखवतो आणि चिठ्ठीवर तुमची सही घेतो. त्या वेळी इवलासा दोष दिसला तरी शीट तिथेच बदलतो, वाद घालत नाही. चेपलेली शीट परत घेतली तर ती दुसऱ्या ग्राहकाच्या माथी मारावी लागेल, आणि ते आम्हाला करायचं नाही.

आणखी एक सोपा रस्ता आहे. कपाटाच्या बाजू दोन फुटी असतील तर पूर्ण शीट घरी नेऊच नका. आमच्या पॅनल सॉवर (शीट कापायच्या मशीनवर) मधून उभी चिरून न्या. सोळा-अठरा किलोच्या दोन पट्ट्या होतात आणि त्या कुणालाही एकट्यानं नेता येतात. पातं तीन एमएम खातं, म्हणून कटिंगचा कागद करताना दोन्ही पट्ट्या पूर्ण २४ इंच धरू नका. पाच किंवा जास्त शीट घेतल्या तर पहिला काप आम्ही मोफत मारतो.

एका दिवसाच्या कामासाठी आकडा विकत घ्यायचा नसेल तर ५०० रुपये अनामत ठेवून घेऊन जा. तीन दिवसांत आणून दिला की पूर्ण पैसे परत, भाडं नाही. सकाळी नऊ ते अकरा टेम्पो भरायची गर्दी असते, त्यामुळे आकडा शिकून घ्यायचा असेल तर दुपारी दोननंतर या.