दिनविशेष प्रश्न (सातारा व सांगली)

आजच्याच तारखेला पूर्वी कधी काळी घडलेल्या घटनेवर रोज विचारला जाणारा प्रश्न म्हणजे दिनविशेष प्रश्न. वर्तमानपत्रातला दिनविशेष ‘घटना, जन्म, मृत्यू’ अशा तीन खणांत माहिती मांडून मोकळा होतो. प्रश्न करायचा तर त्यातली एकच ओळ निवडावी लागते आणि तिच्यातला एक शब्द झाकावा लागतो. मराठी शाळांत हे काम परिपाठात चालते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका झाली की सुविचार, दिनविशेष, बोधकथा आणि सामान्य ज्ञानाचे प्रश्न. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत तोच प्रश्न चार पर्याय लावून फिरतो.

सातारा-सांगलीकडच्या बऱ्याच शाळांत यासाठी वेगळा फळा असतो, दाराशी नाहीतर व्हरांड्यात. वर ‘आजचा दिनविशेष’ ही अक्षरे ऑइलपेंटने कायमची रंगवलेली, खाली खडूने भरायची जागा. ज्याचे अक्षर बरे त्या पोराकडे हे काम जाते. परिपाठाची घंटा झाली आणि फळा राहिला असेल तर तो सगळे पुसत बसत नाही. ओल्या फडक्याने ‘११’ मधला शेवटचा एक पुसून दोन करतो, आणि कालची घटना आजच्या तारखेवर जाऊन बसते.

एका तारखेला घडलेले पुष्कळ असते. त्यातले काय उचलायचे यावरून शाळा कोणत्या मुलखातली ते कळते. २३ जुलैला लोकमान्य टिळक (१८५६) आणि चंद्रशेखर आझाद (१९०६) या दोघांचा जन्म. कराडकडचा शिक्षक मात्र १९५२ सालचे हेलसिंकी ऑलिंपिक काढतो, कारण गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीतले कांस्यपदक जिंकले ते याच तारखेला. दुसऱ्या दिवशी, २४ जुलैला, पाळी सांगलीची. १९४३ साली वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार गणेशदुर्गातला तुरुंग फोडून बाहेर पडले. ९ सप्टेंबरला खटाव तालुक्यात १९४२ च्या वडूज मोर्चावरचा गोळीबार विचारतात, १० सप्टेंबरला वाळव्यात इस्लामपूरचा. दोन्ही ठिकाणी हुतात्म्यांची नावे पोरांना पाठ असतात, त्यामुळे हे प्रश्न सोपे. परजिल्ह्यातून बदलून आलेल्या गुरुजींनाच ते अवघड जातात.

या भागातला सर्वात भरीव दिनविशेष ७ नोव्हेंबरचा. १९०० साली या दिवशी नऊ वर्षांच्या भीमरावांचे नाव साताऱ्यातल्या सरकारी हायस्कुलात पहिल्या इंग्रजी इयत्तेत दाखल झाले. पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली गेलेली ही शाळा जुन्या राजवाड्यात भरत असे. रजिस्टरमध्ये ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नाव असून नोंदीचा क्रमांक १९१४ आहे. हा आकडा साल वाटावा असाच आहे, म्हणून पर्यायांत तो हमखास ठेवावा. २०१७ मध्ये राज्य सरकारने ७ नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’ ठरवला. लढाई किंवा तह नव्हे, तर शाळेच्या दाखलखारिजातली एक ओळ दिनविशेष झाल्याचे असे उदाहरण विरळाच.

उत्तरावरून वाद होतात ते मुख्यतः तीन कारणांनी. पहिले जिल्ह्याचे. यशवंतराव चव्हाण १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे जन्मले. क्रांतिसिंह नाना पाटील ३ ऑगस्ट १९०० रोजी येडेमच्छिंद्र येथे. ही दोन्ही गावे आज सांगली जिल्ह्यात आहेत, तेव्हा सातारा जिल्ह्यात होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. म्हणून ‘जन्म कोणत्या जिल्ह्यात?’ असा प्रश्न घालणे म्हणजे भांडण विकत घेणे, गाव विचारावे.

दुसरे कारण पंचांगाचे, आणि ते खोल आहे. जेधे शकावलीसारख्या जुन्या नोंदींत शक, महिना आणि तिथी असते, तारीख नसते. तारीख नंतर जंत्रीवरून काढतात. शिवरायांच्या काळासाठी ती जुन्या ज्युलियन गणनेची धरतात आणि आजच्या ग्रेगोरियन गणनेत ती दहा दिवस पुढे जाते. शिवजन्माची फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथी १९ फेब्रुवारी १६३० म्हणून २००१ मध्ये राज्य सरकारने स्वीकारली. आजच्या गणनेने तोच दिवस १ मार्च. प्रतापगडाखालच्या अफझलखानवधाचे तसेच. फळ्यावर १० नोव्हेंबर १६५९, पण गडावर शिवप्रतापदिन साजरा होतो मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला, म्हणजे कधी नोव्हेंबरअखेर तर कधी डिसेंबर निम्मा उलटल्यावर. चौकस पोराने ‘मग खरा दिवस कुठला?’ असे विचारले तर परिपाठाची दहा मिनिटे पुरत नाहीत.

तिसरे कारण घड्याळाचे. कोयनानगरचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. पाटण तालुक्यातल्या जुन्या माणसांपुढे ही तारीख कोणी बदलू शकणार नाही. जागतिक प्रमाणवेळेने मात्र तेव्हा १० डिसेंबरच्या रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटे झाली होती, आणि परदेशी भूकंपसूचीत तीच तारीख सापडते. इंटरनेटवरून प्रश्न उचलणारे इथे फसतात.

काही प्रश्न निव्वळ चकवा म्हणूनही घालतात. ४ ऑक्टोबरला ‘रयत शिक्षण संस्थेची स्थापना कोठे झाली?’ असे विचारले की वर्ग एका सुरात ‘सातारा’ म्हणतो. १९१९ साली ती कराड तालुक्यातल्या काले गावी झाली. साताऱ्याला ती आली १९२४ मध्ये.

शाळेच्या फळ्याला सुट्टी आडवी येते. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाखाली ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि हा दिवस मराठी रंगभूमी दिन ठरला. सांगलीकरांना याहून मोठी तारीख नाही. पण दिवाळी तिथीने येते, रंगभूमी दिन तारखेने. ज्या वर्षी दोन्ही जवळ येतात त्या वर्षी हा प्रश्न बुडतो. कर्मवीर भाऊराव पाटलांची पुण्यतिथी ९ मेची, ऐन उन्हाळी सुट्टीतली, त्यामुळे ती फळ्यावर येतच नाही. त्यांच्या जयंतीला, २२ सप्टेंबरला, मात्र रयतच्या शाळांत प्रश्न विचारायची वेळच येत नाही: पोरे आदल्या दिवशीपासून मिरवणुकीच्या तयारीत असतात.