पार्श्वभूमी: जुनं इंजिन आणि बदलत गेलेलं इंधन

जुना ट्रॅक्टर किंवा जुनी गाडी कुरकुरायला लागली की सगळा दोष तिच्या वयावर ढकलला जातो. खरं तर यंत्र तेच असतं, टाकीत पडणारं इंधन मात्र शंभर वर्षांत तीन-चारदा बदललं आहे. पाना हातात घेण्याआधी हे इंजिन मुळात कशावर चालायला घडवलं होतं, ते बघावं.

१९१७ साली फोर्डसन ट्रॅक्टर कारखान्यातून बाहेर पडू लागला तो रॉकेलवर चालणारा. पेट्रोल महाग, रॉकेल स्वस्त, एवढं साधं गणित होतं. ब्रिटनमध्ये पुढे याच जातीचं 'ट्रॅक्टर व्हेपरायझिंग ऑइल', म्हणजे टीव्हीओ, रूढ झालं. फर्ग्युसनचं टीईडी-२० हे मॉडेल त्यासाठीच होतं. रॉकेलची वाफ सहज होत नाही, म्हणून एक्झॉस्टच्या उष्णतेवर तापणारा मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरकडे मिश्रण नेणारी नळी. ते लवकर ठोके देतं, म्हणजे दाबाने आपोआप पेटून इंजिन खडखडवतं, म्हणून कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) जेमतेम ५:१ च्या आसपास. आणि टाकीला दोन कप्पे: छोट्यात पेट्रोल, मोठ्यात रॉकेल. स्टार्ट पेट्रोलवर करायचा, पाणी साधारण ८० अंशांपर्यंत तापलं की कॉक फिरवायचा. बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर घेऊन कार्ब्युरेटरच्या वाटीतलं रॉकेल संपवायचं, नाहीतर सकाळी हँडल मारून हात दुखतात.

हा क्रम चुकला की न जळलेलं रॉकेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन थेट इंजिनाच्या तळच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं. ऑइल न घालता डिपस्टिकवरची पातळी वर चढलेली दिसली तर खूश होऊ नये. बोटावर घेऊन वास घ्यावा. ऑइल पाण्यासारखं पातळ लागलं तर तेच. लगेच बदलावं, कारण पातळ ऑइलवर आधी बेअरिंग जातात. ब्रिटनमध्ये टीव्हीओची विक्री १९७४ साली थांबली आणि असे ट्रॅक्टर आज बहुधा पेट्रोलवर चालतात. पेट्रोलच्या जास्त ऑक्टेनने, म्हणजे ठोके रोखण्याच्या जास्त ताकदीने, त्यांचं काही बिघडत नाही. अडचण येते ती तापणाऱ्या मॅनिफोल्डची: शेजारच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उकळतं आणि गरम इंजिन पुन्हा स्टार्ट होत नाही.

पेट्रोलची गोष्ट वेगळी. ठोके थांबवायला टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग उपयोगी पडतं हे जनरल मोटर्समध्ये थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये दिसलं; १९२३ साली असं पेट्रोल विकायलाही आलं. शिशाचा एक गुण न मागता मिळाला. त्याच्या क्षारांचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर (तो बंद होताना टेकतो त्या कड्यावर) बसायचा आणि लालबुंद व्हॉल्व्ह सीटला चिकटू द्यायचा नाही. थर नसेल तर बिडाच्या सीटचे कण व्हॉल्व्ह दर वेळी आपटताना उपटून निघतात, सीट खोल जाते, टॅपेटची गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांतली फट) मिटते. मग व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता सीटमधून हेडमध्ये जात नाही आणि तो जळतो.

विषारी म्हणून शिसं हटवलं गेलं. अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी १९९६ पासून बंदी आली, भारतातून ते २००० साली गेलं, आणि २०२१ मध्ये शेवटी अल्जीरियातून. तेव्हापासून प्रत्येक जुन्या इंजिनाला कडक सीट बसवण्याचा सल्ला मिळतो, तो सरसकट मानू नये. रॉकेलवर वाढलेल्या, कमी फेऱ्यांच्या ट्रॅक्टरला शिशाची फारशी गरज कधी नव्हतीच. धोका असतो तो बराच वेळ वेगात पळणाऱ्या गाडीला. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) एक्झॉस्टची गॅप मोजून वहीत लिहावी, ०.३० मिमीची गॅप दर खेपेला घटत असेल, तरच हेड उतरवून सीट बसवाव्यात. त्या खाचेपेक्षा साधारण ०.१ मिमी मोठ्या घेऊन घट्ट बसवतात. सैल बसली तर सुटून पिस्टनवर पडते.

सध्याची खरी डोकेदुखी इथेनॉलची. ते जुनं रबर फुगवतं, कॉर्कच्या फ्लोटवरचं शेलॅक विरघळवतं, टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ सुटा करून फिल्टरमध्ये आणतं. शिवाय ते पाणी ओढतं. १०% इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये सुमारे अर्धा टक्का पाणी मिसळलं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन खाली बसतो. ४० लिटरच्या टाकीत त्याला २०० मिली पुरे. तो थर आधी जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या इंधन सोडणाऱ्या बारीक भोकात, जातो. म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीचा कॉक बंद करून वाटी रिकामी होईपर्यंत इंजिन चालवावं. नळ्या आणि सील फ्लोरोइलास्टोमरचे, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे, घ्यावेत. २०% इथेनॉलवर मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं: प्लग पांढरा पडतो, इंजिन तापतं. १.२० मिमीच्या मेन जेटऐवजी १.२५ बसवला की बहुतेक भरून निघतं.

डिझेलमध्ये गंधक घटलं. युरोपात २००९ पासून मर्यादा १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) आहे. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत वंगणाचे घटकही निघून जातात, पण प्रमाणित डिझेलमध्ये त्याबदली ॲडिटिव्ह घातलेलं असतं. डिझेल इंजेक्टरकडे ढकलणारा रोटरी पंप अचानक गळू लागला, तर कारण बहुधा सीलचं असतं: पूर्वीच्या डिझेलने फुगवलेलं जुनं नायट्राइल रबर आता आक्रसतं. बाटलीतल्या औषधाने ते भरून येत नाही, सीलचा किट बदलावाच लागतो.