फणा सोडा, डोळ्याखालच्या रेघा बघा

पावसाळा आला की ‘विहिरीत नाग निघाला’ छापाच्या व्हिडिओंना ऊत येतो. त्यातले बरेचसे ‘नाग’ म्हणजे दिवड असते. कुठे कुठे तिलाच विरोळा म्हणतात. ही बिनविषारी आणि मासे-बेडकांवर जगणारी, तरी काठी खाते, कारण डिवचलं की ती मान चपटी करते.

सापाला छातीचं हाड नसतं. बरगडीचं एक टोक मणक्याला जोडलेलं, दुसरं मोकळं. त्यामुळे स्नायूंनी ओढल्या की बरगड्या बाजूला फाकतात. नागाच्या मानेतल्या बरगड्या लांब आणि कमी बाकदार असतात; त्या उचलल्या की कातडी ताणली जाऊन रुंद फणा होतो. दिवडीच्या बरगड्या साध्याच. त्या फाकल्या की मान पट्टीसारखी होते, खवल्यांमधली कातडी उघडी पडते आणि अंगावरच्या चौकटी जास्तच उठून दिसतात. बस, एवढंच. पण अर्धवट फणा काढलेला नागही असाच दिसतो, म्हणून मानेवर भिस्त नको.

बघायचा तो डोळा. दिवडीच्या डोळ्यापासून दोन काळ्या रेघा निघतात: एक खाली वरच्या ओठाकडे, दुसरी मागे तिरकी जबड्याच्या कोपऱ्याकडे. अंगाचा रंग पिवळट, शेवाळी, करडा कसाही असो, आधी या रेघा शोधाव्यात. दिवडीच्या पाठीच्या खवल्यांवर मधोमध कणा, म्हणजे बारीक उभी धार असते, त्यामुळे दिवड निस्तेज दिसते आणि नाग तुळतुळीत. मात्र ओले असताना सगळेच साप चकाकतात. ही खूण काठावर ऊन खाणाऱ्या सापापुरतीच.

दिवड बघायची तर पाण्यापासून तीन-चार मीटरवर पाय न आपटता बसावं. ८ पट दुर्बिणीतून शेवाळाच्या कडेला पाण्यावर आलेलं डोकं शोधावं. ‘पाण्यातला साप बिनविषारी’ हे साफ खोटं. नाग उत्तम पोहतो. खाडीत किंवा समुद्रकाठी वल्ह्यासारखी चपटी शेपूट दिसली तर तो विषारी समुद्रसाप, लांबच राहा.

दिवड चावते, तेही कडकडून. दात मागे वळलेले असतात, हात हिसकला की जखम फाटते. साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं. ओळखीबद्दल तिळभर शंका असेल तर थेट रुग्णालय. मांत्रिकांनी ‘उतरवलेलं’ विष बहुधा अशाच सापांचं, म्हणजे मुळात नसलेलं.

आणि शेपटीला धरू नका. दिवड गरागरा फिरते, शेपूट तुटते. पालीसारखी ती पुन्हा उगवत नाही.