मोनार्कास मोरेलिया आणि ॲटलेटिको मोरेलिया: काय गेलं, काय राहिलं

मेक्सिकन फुटबॉलच्या गप्पांत मोरेलियाचं नाव निघालं की पुढचं वाक्य मला आधीच ठाऊक असतं: तो क्लब 2020 मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरला ना? नाही, घसरला नाही. त्या वर्षी मेक्सिकोत कुणीच घसरलं नाही. क्लाउसुरा 2020 ही स्पर्धा करोनामुळे अर्ध्यात रद्द झाली आणि त्याआधीच, एप्रिलमध्ये, वर चढणं आणि खाली उतरणं दोन्ही बंद करण्याचा निर्णय झाला होता. दुसरं नेहमीचं वाक्य थोडं जाणकाराचं असतं: जुना मोरेलिया म्हणजेच दुसऱ्या शहरात उभा राहिलेला मासात्लान हा क्लब, आणि ॲटलेटिको मोरेलिया हा 2020 मध्ये काढलेला नवा क्लब. ही चूक पहिलीपेक्षा जास्त त्रास देते, कारण कागदपत्रं पाहिली तर ती बरोबर वाटते.

लिगा एमएक्स, म्हणजे मेक्सिकोची पहिल्या श्रेणीची लीग, बहुतेकांना माहीत असते. वर्षात आपेर्तुरा आणि क्लाउसुरा अशा दोन स्पर्धा होतात, म्हणून विजेतेही दोन. तिच्या खाली लिगा दे एक्स्पान्सिओन, आणि तिथेही हाच हिशेब. यापेक्षा जास्त इथे लागत नाही.

नावांचा गुंता चटकन सोडवून टाकू. मोरेलिया हे मिचोआकान राज्याच्या राजधानीचं शहर. मोरेलोस हे वेगळंच राज्य. मोरेलियातल्या स्टेडियमचं नाव मात्र एस्तादिओ मोरेलोस. तिन्ही नावं स्वातंत्र्यलढ्यातल्या होसे मारिया मोरेलोस यांच्यावरून आली. त्यांचा जन्म याच शहरात झाला, तेव्हा शहराचं नाव वायादोलिद होतं. 1828 मध्ये ते मोरेलिया झालं. आणि मासात्लानमधला ‘स’ तिकडे ‘स’ असाच उच्चारतात, ‘झ’ नाही.

आता मुख्य गोष्ट. मेक्सिकोत ‘क्लब’ आणि ‘फ्रांकिसिया’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. क्लब म्हणजे नाव, रंग, बोधचिन्ह, शहर, पिढ्यान्‌पिढ्या त्याच स्टँडमध्ये बसणारी माणसं. फ्रांकिसिया म्हणजे लीगमध्ये खेळण्याचा हक्क. रिक्षा आणि रिक्षाचं परमिट यात जो फरक, तोच इथे. परमिट विकता येतं, दुसऱ्याच्या नावावर करता येतं, आणि रिक्षा दारातच उभी राहते.

क्लब स्थलांतरित झाला असं ऐकलं की आपण गृहीत धरतो, दोन्ही वस्तू एकत्र गेल्या. कधीकधी तसं होतंही. नेकाक्सा हा क्लब 2003 मध्ये देशाच्या राजधानीतून, मेक्सिको सिटीतून, आग्वासकालियेंतेसला गेला, तेव्हा नाव, लाल-पांढरे पट्टे, जुनी विजेतेपदं सगळं सोबत गेलं. आत्लांते 2007 मध्ये कानकुनला गेला, तोही आत्लांते म्हणूनच, आणि 2020 मध्ये त्याच नावाने राजधानीत परतला. तिथे क्लब हलला असं म्हणणं योग्य आहे.

मोरेलियात तसं झालं नाही. जून 2020 च्या सुरुवातीला जाहीर झालं की मोनार्कास मोरेलियाची, म्हणजे शहराच्या तेव्हाच्या संघाची, लिगा एमएक्समधली जागा सिनालोआ राज्यातल्या मासात्लानला जाणार. प्रशांत महासागराच्या काठावरचं हे शहर बेसबॉलचं वेड असलेलं. तिथे नवं स्टेडियम उभं राहत होतं. जागेबरोबर करारबद्ध खेळाडू गेले. नाव गेलं नाही, पिवळा-लाल रंग गेला नाही. मासात्लानने जांभळा रंग घेतला, नवं बोधचिन्ह घेतलं, ‘कान्योनेरोस’ हे नवं टोपणनाव घेतलं. मोरेलियातले लोक निषेधाला रस्त्यावर उतरले, पण व्यवहार झालेला होता.

त्याच महिन्यात दुसरा व्यवहार झाला, आणि सगळा गोंधळ इथेच जन्मतो. दुसऱ्या श्रेणीतल्या ॲटलेटिको साकातेपेकची जागा मोरेलियाला आणली गेली. म्हणजे एकाच जूनमध्ये मोरेलियाची वरची जागा बाहेर गेली आणि खालची जागा आत आली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, संघ एक पायरी खाली उतरला. प्रत्यक्षात कुठल्याही संघाने ती पायरी उतरलेली नाही. पायरीच बदलून दिली गेली.

मग आजचा ॲटलेटिको मोरेलिया कोणाचा वारस? कागदावर साकातेपेकच्या जागेचा. पण ‘ॲटलेटिको’ हा शब्द पाहून तो साकातेपेकहून आला असं समजू नका. 1950 पासून क्लब ॲटलेटिको मोरेलिया हेच या शहराच्या संघाचं नाव होतं. 1996 मध्ये टीव्ही आस्तेका या दूरचित्रवाणी कंपनीने क्लब घेतला आणि 1999 मध्ये ‘मोनार्कास’ हे नाव लावलं. सत्तर वर्षांच्या गोष्टीत मोनार्कास हा जेमतेम 21 वर्षांचा मधला तुकडा. 2020 मध्ये शहराने नवं नाव शोधलं नाही, स्वतःचं जुनं नाव परत घेतलं. जुन्या ‘मोनार्कास’ला खरा मोरेलिया आणि ‘ॲटलेटिको’ला नवी नक्कल म्हणणारे लोक नेमकं उलट बोलत असतात.

याच ठिकाणी विजेतेपदांचा हिशेब चुकतो. इनव्हिएर्नो 2000 (आपेर्तुराचं तेव्हाचं नाव) ही स्पर्धा लुइस फर्नांदो तेना यांच्या प्रशिक्षणाखालच्या मोरेलियाने तोलुकाला पेनल्टींवर हरवून जिंकली. (हेच तेना 2012 मध्ये लंडनला ऑलिंपिक सुवर्ण जिंकणाऱ्या मेक्सिकोचे प्रशिक्षक.) ते विजेतेपद मासात्लानच्या खात्यात मांडलेलं दिसलं की मला राग येतो. जागेची साखळी धरली तर तसं मांडता येईल, पण मग साकातेपेकची 1955 आणि 1958 ची पहिल्या श्रेणीतली विजेतेपदं ॲटलेटिको मोरेलियाला द्यावी लागतील, आणि ती द्यायला कुणी तयार होणार नाही. 6 मे 2017 चंही तसंच. मोंतेरेच्या मैदानावर मोरेलियाच्या रुइदियासने अखेरच्या मिनिटांत गोल केला, मोरेलिया वाचला आणि चियापासचा संघ खाली गेला. तो गोल मोरेलियाचा आहे.

जागा आणि क्लब वेगळे असतात हे पटत नसेल तर 2013 चं वर्ष बघा. केरेतारोचा संघ मैदानावर हरून खाली गेला. त्याने चियापासची जागा मिळवली आणि वरच राहिला. चियापासने सान लुइसची जागा आणली. आणि याच मिचोआकान राज्यातल्या ला पिएदादने खालची स्पर्धा जिंकून वर जाण्याचा हक्क कमावला, पण वरचा एकही सामना त्या गावात होण्याआधी जागा वेराक्रूसला गेली. केरेतारोला कुणी 2013 चा नवा क्लब म्हणत नाही. मग मोरेलियाला का म्हणायचं?

आपल्याकडेही हे घडलं आहे. 2019 मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाला, इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) त्याची जागा हैदराबाद एफसीला मिळाली, मार्सेलिन्योसारखे खेळाडूही तिकडे गेले. 2022 मध्ये फातोर्ड्याला हैदराबादने करंडक उचलला तेव्हा बालेवाडीत जाणाऱ्या कुणालाही तो पुण्याचा वाटला नाही. फरक एवढाच की पुण्याला दुसरी जागा आणून कुणी दिली नाही.

मोरेलियाला दुसरी जागा मिळाली, पण तिला जिना नव्हता. क्लाउसुरा 2022 मध्ये ॲटलेटिको मोरेलियाने सिमारोनेस दे सोनोराला हरवून लिगा दे एक्स्पान्सिओन जिंकली. पूर्वीच्या नियमाने तो वर जाण्याच्या शर्यतीत उभा राहिला असता. 2020 नंतर त्या विजेतेपदाने वरचं दार उघडत नव्हतं. त्याबदल्यात खालच्या क्लबांना वर्षाला 2 कोटी पेसो मदत ठरली होती. तेव्हा ‘दुसऱ्या श्रेणीत आहे म्हणजे तेवढ्याच लायकीचा असणार’ हा निष्कर्षही काढू नका. जिंकूनही वर जाता येत नसेल तर श्रेणीवरून संघाची ताकद कळत नाही.

या सगळ्यात साकातेपेकचा उल्लेख जवळजवळ कुणीच करत नाही. मोरेलोस राज्यातलं हे साखर कारखान्याचं गाव. संघाचं टोपणनाव ‘कान्येरोस’, म्हणजे ऊसवाले. कारखान्याच्या जोरावर इग्नासिओ त्रेयेस यांच्या हाताखाली त्यांनी राजधानीतल्या मोठ्या क्लबांना मागे टाकून दोनदा देशाचं विजेतेपद घेतलं. जून 2020 मध्ये मोरेलियाला जी जागा मिळाली ती या गावातून उचललेली होती, आणि तिथलं ‘कोरुको’ दियास स्टेडियम त्या दिवसापासून तिच्याविना उरलं.