आशा म्हणजे आरोग्यसेविका नव्हे

‘पाड्यावरची आदिवासी महिला झाली आरोग्यसेविका’ असा मथळा आला की मी आधी फोटो बघतो. दहातल्या नऊ वेळा फोटोत आशा असते, म्हणजे वस्तीतूनच निवडलेली आरोग्य कार्यकर्ती. मग बातमीत ‘आरोग्य खात्यात आदिवासींचं प्रतिनिधित्व वाढलं’ हे वाक्य येतं आणि माझा चहा गार होतो.

आरोग्यसेविका, म्हणजे उपकेंद्रातली सिस्टर, कुणाला सांगायला नको. बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसाविका) अभ्यासक्रम, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, जिल्हा परिषदेत नोकरी. लस ती टोचते. आशा घरोघर फिरून पोरं गोळा करून आणते. अंगणवाडी सेविका ही तिसरीच, तिचं खातंसुद्धा वेगळं. ही गल्लत फार नुकसान करत नाही.

नुकसान करणारी गल्लत आहे ती पदाची. आरोग्यसेविका हे पद आहे. आशा हे पदच नाही. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आली ती मानसेवी कार्यकर्ती म्हणून: साधारण 1000 लोकसंख्येमागे एक, आदिवासी भागात वस्तीमागेही एक. तिची ‘निवड’ होते, ‘नेमणूक’ नाही. तिला मिळतो तो ‘मोबदला’, पगार नाही. ग्रामीण भागात दवाखान्यातल्या बाळंतपणामागे 600 रुपये, नवजात बाळाच्या घरभेटी पूर्ण केल्यावर 250, असा कामागणिक हिशोब. त्यात राज्याचा ठरावीक वाटा पडतो. लांबलेल्या संपानंतर 2024 मध्ये त्यात महिना 5000 ची भर पडली. पण रक्कम वाढली म्हणून पद तयार होत नाही. वेतनश्रेणी नाही, पेन्शन नाही. योजनेवर राबणाऱ्यांना कामगार माना, अशी शिफारस भारतीय श्रम परिषदेने 2013 मध्ये केली होती. अजून आशा मानसेवीच आहे.

आता आदिवासी बाईच्या बाजूने बघा. आरक्षण चालतं बिंदुनामावलीवर, म्हणजे कुठलं पद कुठल्या प्रवर्गाला याच्या क्रमवार तक्त्यावर, आणि बिंदुनामावली असते पदांची. पद नाही तिथे बिंदू नाही, ज्येष्ठता यादी नाही, बढती नाही. आरोग्यसेविकेची पुढे आरोग्य सहाय्यिका होऊ शकते. आशा वीस वर्षं आशाच. आशांच्या कामावर देखरेख करणारी गटप्रवर्तक ही वरची पायरी आहे ना, असं कुणी म्हणालं तर सांगा की गटप्रवर्तक बहुतेक पदवीधर असतात आणि त्याही मोबदल्यावरच आहेत. बिनपगारी शिडीची दुसरी पायरी!

आशाच्या निवडीत आदिवासी बाई येते, कारण नियमच ‘त्याच वस्तीतली हवी’ असा आहे. नियम चांगलाच आहे. कोरकू किंवा गोंडी घरात तीच भाषा बोलणारी बाई जे काम करते ते बाहेरची सिस्टर करू शकत नाही. पण ज्या नियमाने ती आत आली तोच तिला त्या वस्तीला बांधून ठेवतो. तिला खात्यात ‘वाढलेलं प्रतिनिधित्व’ म्हणून मोजणं ही मला सरळ फसवणूक वाटते. मोजायचं असेल तर उपकेंद्रांतल्या आरोग्यसेविका मोजा. राज्यपालांच्या 2014 च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली ज्या संवर्गांची पदं स्थानिक अनुसूचित जमातींसाठी राखली, त्यात आरोग्याचेही संवर्ग होते. पुढे ही भरती न्यायालयात अडकली. आशांच्या फोटोंनी ती रिकामी खुर्ची झाकली जाते, हा माझा खरा राग.

(आणि ‘आशा सेविका’ हा जोडशब्द. ‘सेविका’ चिकटवलं की निम्मा घोळ तिथेच होतो. ‘आशा’ किंवा ‘आशाताई’ पुरे.)

आशेची आरोग्यसेविका होऊच शकत नाही असं नाही. निवडीला आठवी चालली असेल, तर मुक्त विद्यालयातून दहावी-बारावी करायची, मग एएनएमला प्रवेश. अभ्यासक्रम पूर्णवेळ, शाळा बहुधा जिल्ह्याच्या गावी. ती दोन वर्षं घरभेटी नाहीत, म्हणजे मोबदलाही नाही. आणि पाडा तोवर रिकामा ठेवत नाहीत, दुसरी आशा निवडतात.