'मीडियोकर' म्हणजे मध्यम नव्हे

(चिनीभाषक विद्यार्थ्यांना ऑनलाइन इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या शिक्षक-ग्राहकांसाठी, नव्या पाठासोबत)

तैपेईच्या किंवा शांघायच्या विद्यार्थ्याला विचारा, इंग्रजी कितपत येतं? तो नम्रपणे सांगेल, 'माय इंग्लिश इज मीडियोकर.' त्याच्या मनात असतं 'मामाहूहू'. शब्दशः घोडा-घोडा-वाघ-वाघ, अर्थ यथातथा. आपणही 'जेमतेम येतं हो' म्हणतोच की! पण नोकरीच्या मुलाखतीत हेच वाक्य त्याला महागात पडेल. ऐकणाऱ्याला त्यात विनय दिसत नाही, कमी दर्जाची कबुली दिसते.

चूक कुठे होते? इंग्रजी-चिनी कोशांत 'मीडियोकर'पुढे बहुधा 'फूथुंग', म्हणजे साधारण, हा अर्थ सापडतो. 'फूथुंग'मध्ये निंदा नाही. 'मीडियोकर'मध्ये आहे: जमायला हवं होतं, जमलं नाही. चिनीत याच्या जवळचा शब्द 'फिंगयुंग'. त्यातला 'युंग' आणि कन्फ्यूशियन परंपरेतल्या 'चुंगयुंग'मधला 'युंग' ही एकच लिपिखूण. 'चुंगयुंग' म्हणजे कुठलंही टोक न गाठणारा मध्यममार्ग, तिथे मोठा सद्गुण. पहिला शब्द कमीपणाचा, दुसरा गौरवाचा. ही जोडी फळ्यावर शेजारी-शेजारी लिहाच. आमच्या मते या पाठातली सर्वांत मोलाची दहा मिनिटं हीच.

लॅटिनमध्येही असंच घडलं आहे. 'मेडिओक्रिस'चा मूळ अर्थ डोंगराच्या अर्ध्या उंचीवरचा. होरेस या रोमन कवीने त्याच कुळातल्या शब्दाने 'सोनेरी मध्य' गौरवला. इंग्रजीत मात्र शब्दाचं सोनं उरलं नाही.

तुम्हाला स्वतःला अर्थ पक्का धरायचा असेल तर मराठीतला 'सुमार' आठवा. भाजी मध्यम तिखट असते, नाटक सुमार असतं. म्हणून मापाला, तापमानाला, तिखटपणाला 'मीडियम'. जेवण, अभिनय, निकाल यांनी निराशा केली तरच 'मीडियोकर'. हॉटेल ठीकठाक होतं एवढंच सांगायचं असेल तर 'डीसंट' किंवा 'ओके' पुरे. स्वतःच्या इंग्रजीबद्दल विद्यार्थ्याने 'आय कॅन मॅनेज' म्हणावं. विनयही राहतो, नुकसानही होत नाही.

उच्चारात जोर 'ओ'वर: मी-डी-ओ-कर.

सरावाची वाक्यं पाठाच्या शेवटी आहेत. विद्यार्थ्याने एखादं वेगळं वाक्य केलं आणि तुम्ही अडलात, तर ते जसंच्या तसं आम्हाला पाठवा. मूळ चिनी वाक्यही सोबत जोडा, म्हणजे गोंधळ नेमका कुठून आला ते कळेल.